कंपनीचा मेडिक्लेम आणि दाढेचं बिल: पैसे कुठे मिळतात, कुठे मिळत नाहीत?

"कंपनीचं कार्ड आहे ना? मग तेच दाखवा की!" घरात कुणाची दाढ ठणकायला लागली की पहिलं वाक्य हेच निघतं. दवाखान्यात गेल्यावर काउंटरवरची मुलगी कार्ड उलटून पालटून बघते आणि परत देते. "दातांना हे चालत नाही." मग रूट कॅनॉलचे पैसे खिशातून जातात. घरी आल्यावर अम्मी विचारतात, "दर महिन्याला पगारातून कापतात ते कशाचे मग?"

प्रश्न रास्त आहे. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात दातांचा भाग सगळ्यात गोंधळाचा असतो. एकाच इमारतीत काम करणाऱ्या दोन माणसांना एकाच उपचारासाठी वेगवेगळं उत्तर मिळू शकतं. एकाला पूर्ण बिल, दुसऱ्याला एक रुपयाही नाही, आणि दोन्ही उत्तरं नियमाला धरून असू शकतात. हा गोंधळ नेमका कुठून येतो आणि खुर्चीत बसण्याआधी काय विचारायचं, ते या लेखात दिलं आहे.

आधी बघा, हातातलं कार्ड कसलं आहे

नोकरदार माणसाकडे साधारण तीन प्रकारची कार्डं असतात. तिघांचे नियम वेगळे आहेत.

१) ईएसआयचं कार्ड. याला आता ई-पहचान कार्ड म्हणतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आणि योजनेत येणाऱ्या आस्थापनांत ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी ही सरकारी योजना आहे.

२) ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड. कंपनी एखाद्या विमा कंपनीकडून सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून एक पॉलिसी घेते. कार्डावर विमा कंपनीचं आणि बहुतेक वेळा टीपीएचं नाव असतं. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमची कागदपत्रं बघणारी संस्था.

३) वेलनेस किंवा डिस्काउंट कार्ड. 'दातांची तपासणी मोफत, उपचारावर सवलत' असं त्यावर किंवा ॲपवर लिहिलेलं असतं. हा विमा नाही, ही दुकानातल्या कूपनसारखी सवलत आहे. क्लेम करता येत नाही, ठरलेल्या दवाखान्यातच जावं लागतं, आणि उरलेलं बिल तुम्हीच भरायचं. "आमच्या कंपनीत डेंटल आहे" असं सांगणाऱ्या अनेकांकडे प्रत्यक्षात एवढंच असतं.

एकाच माणसाकडे दुसरं आणि तिसरं, अशी दोन्ही कार्डं असू शकतात. म्हणून "डेंटल आहे का?" हा प्रश्न पुरत नाही. "डेंटल कशात आहे?" असं विचारायला हवं.

ग्रुप मेडिक्लेममध्ये दात का बसत नाहीत?

आपल्याकडचा मेडिक्लेम मुळात हॉस्पिटलच्या खाटेसाठी बनला. त्याची साधी अट अशी की रुग्ण किमान २४ तास दाखल असला पाहिजे. ज्या शस्त्रक्रिया आता नव्या तंत्रामुळे २४ तासांच्या आत होतात, त्यांना डे-केअर म्हणून यात जागा मिळाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन हे त्याचं ओळखीचं उदाहरण.

दातांचं बहुतेक काम मात्र खुर्चीत बसून होतं. तासाभरात माणूस घरी जातो. विम्याच्या भाषेत हे ओपीडी उपचार, आणि साधा मेडिक्लेम ओपीडीला पैसे देत नाही.

हा पहिला अडसर. दुसरा अडसर पॉलिसीच्या 'काय मिळणार नाही' या यादीत असतो. बऱ्याच पॉलिसींत तिथे सरळ लिहिलेलं असतं की अपघातामुळे गरज पडली आणि हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तरच दातांचा खर्च मिळेल, एरवी नाही. विमा नियामक संस्था इर्डाच्या व्याख्येत 'दातांचा उपचार' म्हणजे दात आणि दातांना आधार देणाऱ्या भागांवरचा उपचार. त्यात तपासणी, दात भरणं, कॅप, दात काढणं आणि शस्त्रक्रियाही येते. म्हणजे व्याख्या रुंद आहे. ती वगळण्याच्या यादीत आली की जवळपास सगळंच बाहेर जातं.

इथे अनेकांची एक चुकीची समजूत असते. एचआर सांगतं, "आपल्या पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत." ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे जुनी किडलेली दाढही आली. तसं नाही. जुन्या आजारांचा नियम फक्त थांबण्याचा काळ काढून टाकतो. यादीतून वगळलेली गोष्ट त्याने आत येत नाही.

सगळ्या पॉलिसी सारख्याच कडक असतात असंही नाही. इर्डाने ठरवून दिलेली 'आरोग्य संजीवनी' ही वैयक्तिक पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून बाजारात आहे. तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे गरज पडलेला दातांचा उपचार धरलेला आहे, पण हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग म्हणून. खुर्चीतलं साधं रूट कॅनॉल त्यात येतं असं समजू नका. 'डेंटल' हा एकच शब्द दोन पॉलिसींत दोन वेगळे अर्थ घेऊन येतो, ते असं.

अपघातात दात तुटला तर?

बाइकवरून पडून समोरचे दोन दात गेले. अपघात तर खरा आहे, मग पैसे मिळतील ना? मिळतीलच असं नाही.

जबडा मोडला, टाके पडले, हॉस्पिटलात दाखल केलं आणि त्याच वेळी दातांचंही काम झालं, तर क्लेमला चांगला आधार असतो. पण फक्त दात तुटला, दवाखान्यात जाऊन कॅप बसवली आणि घरी आलो, तर 'अपघात' ही अट पूर्ण होते, 'दाखल' ही होत नाही. पॉलिसीत दोन अटींच्या मध्ये 'आणि' आहे की 'किंवा' आहे, यावर सगळा निकाल ठरतो. तो एक शब्द शोधून वाचा.

अपघातानंतर पहिल्याच दिवशी हॉस्पिटलचा केसपेपर घ्या आणि त्यावर दाताला झालेली इजा लिहून घ्या. महिनाभराने दातांच्या डॉक्टरकडे गेलात आणि आधीच्या कागदावर दाताचा उल्लेखच नसेल, तर ही इजा त्याच अपघातातली आहे हे सिद्ध करणं अवघड जातं.

ओपीडी कव्हर आहे? मग हिशेब असा बघा

काही कंपन्या मूळ मेडिक्लेमवर ओपीडीचं वेगळं कव्हर देतात. दातांचे पैसे मिळण्याची खरी जागा हीच. पण यातही चार चाळण्या असतात: वर्षाची एकूण मर्यादा, त्यातली दातांची पोटमर्यादा, को-पे म्हणजे तुमचा वाटा, आणि कोणता उपचार चालतो याची यादी.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

समजा, एका कुटुंबाला ओपीडीचे वर्षाला १०,००० रुपये आहेत. त्यातले दातांसाठी ५,०००. को-पे २० टक्के. यादीत तपासणी, एक्स-रे, दात भरणं, काढणं आणि रूट कॅनॉल आहे. कॅप आणि दात साफ करणं नाही.

अब्बांच्या दाढेचं बिल असं झालं: रूट कॅनॉल ५,०००, एक्स-रे ३००, कॅप ६,०००, दात साफ करणं १,०००. एकूण १२,३००.

घरच्यांना वाटतं, ५,००० तरी नक्की मिळणार. पण हिशेब वेगळा होतो.

• यादीत बसणारी रक्कम: ५,००० + ३०० = ५,३००
• त्यातून २० टक्के तुमचा वाटा: १,०६०
• मिळणारे: ४,२४०
• खिशातून: ८,०६०

आता तिढा बघा. काही ठिकाणी आधी मर्यादा लावतात आणि मग को-पे कापतात. म्हणजे ५,३०० चे आधी ५,००० करायचे, मग त्यातून २० टक्के काढायचे. तेव्हा हातात येतात ४,०००. बिल तेच, पॉलिसीतले आकडेही तेच, फक्त वजाबाकीचा क्रम बदलला.

आणि मर्यादा सगळ्या कुटुंबाची मिळून असेल तर? याच वर्षी मुलाच्या दात भरण्यापोटी २,००० आधीच मिळालेले असतील, तर दातांचे फक्त ३,००० शिल्लक असतात. मग अब्बांना ३,००० मिळतील आणि ९,३०० खिशातून जातील.

म्हणून डॉक्टरांकडून आधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि प्रत्येक कामाची रक्कम वेगळी लिहायला सांगा. 'दातांचे उपचार, १२,३००' अशी एका ओळीची पावती असेल तर त्यातलं काय चालतं हे टीपीए ठरवूच शकत नाही. अशा वेळी पूर्ण क्लेम अडकतो.

ज्या गोष्टी यादीबाहेर असण्याची शक्यता जास्त, त्या या: दात पांढरे करणं, दिसण्यासाठी केलेलं काम, मुलांच्या दातांना तारा लावणं, इम्प्लांट. कॅप आणि कवळीचं प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं. काही ठिकाणी पॉलिसी सुरू होण्याआधीच पडलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवण्याचे पैसे देत नाहीत.

तारखेचाही विचार करा. पॉलिसी १ एप्रिलला नवी होत असेल आणि मार्चमध्ये मर्यादा संपत आली असेल, तर उपचाराचा पुढचा टप्पा एप्रिलमध्ये करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. यात गैर काही नाही. पण रूट कॅनॉल झालेली दाढ कॅपशिवाय फार दिवस ठेवली तर ती तुटू शकते. त्यामुळे थांबायचं की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या, पॉलिसीच्या तारखेला नव्हे.

तोंडातलं सगळंच 'दातांचं' नसतं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. "दातांना विमा नाही" हे एकदा डोक्यात बसलं की माणसं तोंडातल्या कुठल्याही त्रासासाठी डॉक्टरकडे जाणंच टाळतात. आपल्याकडे गुटखा, तंबाखू, सुपारी आणि मिसरी यांचं प्रमाण कमी नाही. घरातल्या बायकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. तोंड पूर्ण न उघडणं, गालाच्या आतला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, ही लक्षणं दाढदुखीची समजून अंगावर काढू नका.

तोंडाचा कॅन्सर हा दातांचा आजार नाही. त्याचं ऑपरेशन आणि हॉस्पिटलातला उपचार मेडिक्लेममध्ये इतर आजारांसारखाच बघितला जातो. जबड्याचं हाड मोडणं हेही तसंच. जबड्यातली गाठ किंवा हाडापर्यंत गेलेला पू अशा प्रकरणांत मात्र वाद होऊ शकतो. विमा कंपनी 'दातांना आधार देणारा भाग' म्हणून नकार देऊ शकते. अशा वेळी ऑपरेशनच्या आधी टीपीएकडे मंजुरीसाठी कागद पाठवा. निदान नेमकं काय आहे, दाखल होण्याची गरज का आहे आणि भूल कोणती देणार, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. जे खरं आहे तेच, पण पूर्ण लिहिलेलं हवं.

ईएसआय असेल तर नियम वेगळे

भिवंडीच्या गोदामांत, एमआयडीसीतल्या कारखान्यांत, मॉलमध्ये, सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या कामावर असलेल्या आपल्या अनेक भावाबहिणींकडे ईएसआय आहे. कंत्राटदाराकडून काम करणाऱ्यांनाही हा हक्क आहे. तरी हे कार्ड आपल्याला आहे, हेच अनेकांना माहीत नसतं.

पगाराच्या चिठ्ठीत बघा. १ जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. १८,००० पगार असेल तर तुमचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५ रुपये. चिठ्ठीत ही कपात दिसते, पण विमा क्रमांक माहीत नाही, असं असेल तर आजच सुपरवायझरकडे मागा.

ईएसआयमध्ये मेडिक्लेमसारखी 'एवढ्या लाखांपर्यंत' अशी रक्कम ठरलेली नसते. उपचार त्यांच्या दवाखान्यांतून आणि हॉस्पिटलांतून मिळतात, आणि त्यात दातांचा विभागही असतो. पण तो प्रत्येक दवाखान्यात नसतो. आधी आपल्या ठरलेल्या दवाखान्यात जायचं आणि तिथून दंत विभागाकडे चिठ्ठी घ्यायची. महाराष्ट्रात मुलुंड, कांदिवली, ठाणे, उल्हासनगर, नाशिक, सोलापूर, नागपूर अशा ठिकाणी या योजनेची हॉस्पिटलं आहेत. दातांची ओपीडी कोणत्या वारी चालते, हे विचारून मगच कामावरून सुट्टी घ्या.

इथे होणारी चूक अशी की माणूस दुखणं सहन न होऊन खासगी दवाखान्यात जातो आणि नंतर बिल घेऊन ईएसआयकडे येतो. त्यांनी पाठवल्याशिवाय केलेल्या खासगी उपचाराचे पैसे मिळणं फार कठीण असतं.

आणखी दोन गोष्टी. पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी कार्ड त्याच दिवशी बंद होत नाही. वर्गणीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. चालू काळ संपेपर्यंत वर्गणीही जाते आणि हक्कही राहतो. दुसरं, पगार त्या मर्यादेवर गेल्यावर तुम्ही ईएसआयमधून ग्रुप मेडिक्लेममध्ये जाता. पगार वाढतो, पण दातांचा मोफत उपचार जातो. पगारवाढ होणार हे कळलं असेल, तर घरातली दातांची राहिलेली कामं त्याआधी उरकून घ्या.

घरातलं कोण कोण आहे? नावं बरोबर आहेत का?

ग्रुप पॉलिसीत साधारणपणे कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुलं असतात. तिसरं मूल असेल तर ते आहे का, हे वेगळं विचारा. आई-वडील काही ठिकाणी असतात, काही ठिकाणी जादा प्रीमियम भरून घेता येतात, आणि त्यांच्यासाठी को-पे जास्त असू शकतो. ओपीडीचं कव्हर तर अनेकदा फक्त कर्मचाऱ्यापुरतंच असतं. म्हणजे कार्डावर अम्मींचं नाव असूनही दाढेसाठी ते उपयोगी नसतं.

निकाह झाला की पत्नीचं नाव ठरलेल्या मुदतीत घालावं लागतं. निकाहनामा किंवा विवाह नोंदणीचा दाखला मागतात. मूल झालं तरी तसंच. मुदत चुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबायची वेळ येते.

आणि नावांचा घोळ. हा आपल्या घरांत फार होतो. आधारवर मोहम्मद, एचआरच्या नोंदीत मोहम्मदऐवजी फक्त 'मो.', दवाखान्याच्या पावतीवर नुसतं शेख साहेब. पत्नीचं आधारवर माहेरचं आडनाव, कार्डावर सासरचं. क्लेम बघणाऱ्या माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळायला मार्ग नसतो. दवाखान्यात पावती बनतानाच कार्डावरचं पूर्ण नाव लिहायला सांगा.

आखातात किंवा अमेरिकेत असलेल्यांसाठी

कोकणातल्या कितीतरी घरांचा कर्ता माणूस आखातात आहे. सौदीत खासगी कंपनीने आपल्या कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा काढणं बंधनकारक आहे. संयुक्त अरब अमिरातीत दुबई आणि अबू धाबीमध्ये हे आधीपासून होतं, १ जानेवारी २०२५ पासून इतर अमिरातींतही लागू झालं. पण विमा बंधनकारक आहे म्हणजे दातांचं सगळं मिळतं असं नाही. तिथे 'टेबल ऑफ बेनिफिट्स' नावाचा एक-दोन पानांचा तक्ता मिळतो. त्यात दातांची ओळ शोधा: वर्षाची मर्यादा किती, तुमचा वाटा किती, आणि कोणत्या नेटवर्कचे दवाखाने.

बरेच जण रजेवर गावी येऊन दात करून घेतात, कारण इथे स्वस्त पडतं. ते बिल तिथे चालेल हे गृहीत धरू नका. पॉलिसीच्या क्षेत्रात भारत आहे का आणि नेटवर्कबाहेरचं बिल घेतात का, हे निघण्याआधी विचारा.

अमेरिकेत डेंटल ही वेगळीच पॉलिसी असते. तिथे एक रचना नेहमी दिसते: तपासणी आणि सफाईचे १०० टक्के, दात भरण्यासारख्या कामाचे ८० टक्के, कॅपसारख्या मोठ्या कामाचे ५० टक्के. ऐकायला छान वाटतं. पण त्यावर वर्षाची मर्यादा असते, अनेक योजनांत १,००० ते २,००० डॉलर. तिथल्या वैद्यकीय विम्यात रुग्णाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, तर डेंटलमध्ये विमा कंपनीच्या खर्चाला. नव्याने गेलेल्या मुला-मुलींना हा फरक मोठं बिल आल्यावरच कळतो.

"दाखल दाखवू का?" याला नाही म्हणा

कधीकधी दवाखान्यातूनच सुचवलं जातं: "एक दिवस ॲडमिट दाखवतो, क्लेम होऊन जाईल." मोह होतो, कारण रक्कम मोठी असते. पण ही फसवणूक आहे. पकडली गेली तर तो क्लेम जातो, पॉलिसीतून नाव जाऊ शकतं आणि नोकरीवरही गदा येते. शिवाय ग्रुप पॉलिसीचा पुढच्या वर्षीचा प्रीमियम सगळ्यांच्या क्लेमवर ठरतो. एकाच्या खोट्या कागदाचा भार शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यावर पडतो. अमानतीत खयानत कशाला म्हणतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

क्लेम नाकारला तर काय करायचं?

१) नकार लेखी मागा. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नकार दिला, ते विमा कंपनीने सांगायलाच हवं. इर्डाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे.

२) ते कलम स्वतः वाचा. पॉलिसीची प्रत एचआरकडून घ्या. कागद अपुरे म्हणून नकार असेल तर ते पूर्ण करून परत पाठवा. रूट कॅनॉलच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, पैसे भरल्याची पावती, यातलंच काहीतरी राहिलेलं असतं. नोंदणी नसलेल्या माणसाकडून दात बसवून घेतले असतील तर त्या पावतीला काही किंमत नसते.

३) विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. इर्डाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार करता येते.

४) ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात. ग्रुप पॉलिसीतला कर्मचारीही जाऊ शकतो. विमा कंपनीचा नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करा.

ईएसआयच्या तक्रारी मात्र लोकपालाकडे जात नाहीत. त्यासाठी ईएसआयचं शाखा किंवा प्रादेशिक कार्यालय आहे.

एचआरला पाठवायचे प्रश्न

तोंडी विचारू नका. व्हॉट्सॲपवर नको, ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर हाताशी राहतं.

• आपल्या पॉलिसीत दातांचा उपचार ओपीडीत धरला आहे का, की फक्त अपघात आणि दाखल असेल तरच?
• दातांची वर्षाची मर्यादा किती? ती एकट्याची की सगळ्या कुटुंबाची मिळून?
• को-पे किती? तो मर्यादेच्या आधी कापतात की नंतर?
• रूट कॅनॉल, कॅप, कवळी, तारा, इम्प्लांट यातलं काय चालतं?
• कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरकडे जाता येतं की ठरलेल्या दवाखान्यातच?
• आधी मंजुरी लागते का? बिल किती दिवसांत द्यायचं?
• आई-वडिलांना हे लागू आहे का?
• नोकरी सोडली तर कव्हर कोणत्या तारखेपर्यंत?

विम्यातून काहीच मिळत नसेल तर

दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बरेच स्वस्त होतात. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण काम रीतसर होतं. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. पुण्यात कॅम्पमधल्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे.

काही घरांत असाही प्रश्न येतो की विम्याचे पैसे घेणं शरीअतच्या दृष्टीने कसं? स्वतः काढलेला विमा, कंपनीने भरलेला प्रीमियम आणि ईएसआयसारखी सरकारी योजना, या तिन्ही गोष्टी सारख्या नाहीत. आपली नेमकी परिस्थिती सांगून जाणत्या मुफ्ती साहेबांना विचारा. विचारताना पॉलिसीचा कागद सोबत न्या.

मिसवाकची सुन्नत आपल्या घरांत आहे, दातांची काळजी आपल्याला नवी नाही. तरी दाढ कधी ना कधी दुखतेच, आणि दुखायला लागल्यावर पॉलिसी वाचायचं भान कुणाला राहत नाही. वरचे आठ प्रश्न या आठवड्यातच एचआरला पाठवा. आलेलं उत्तर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ठेवा, म्हणजे अम्मींनी "पगारातून कापतात ते कशाचे?" असं विचारलं तर घरात कुणालाही सांगता येईल.